लग्नाचा विसावा वाढदिवस, अडीच दिवस आणि समुद्र : वेंगुर्ला की गोकर्ण?

शहापूरकरीण
नमस्कार मंडळी. येत्या २४ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला २० वर्षं होतात. शनिवारी सकाळी निघायचं आणि सोमवारी संध्याकाळी घरात. त्याहून जास्त वेळ नाही, कारण बेळगावच्या वडगावात आमचे चार माग आहेत आणि ते फार दिवस बंद ठेवून चालत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. लग्न झालं तेव्हा आम्हाला 'फिरायला' म्हणून ज्योतिबा, कोल्हापूर आणि नरसोबाची वाडी असं नेलं होतं. एका ट्रॅक्समध्ये ११ जण. मी मागच्या आडव्या सीटवर, मांडीवर नणंदेची मुलगी, आणि नवरदेव पुढे ड्रायव्हरशेजारी. बेळगाव ते संकेश्वर त्यांनी एकदाच मागे वळून बघितलं, तेही पाण्याची बाटली मागायला. तेव्हापासून माझं ठरलंय की एकदा दोघांनीच समुद्रावर जायचं. ते 'एकदा' यायला २० वर्षं लागली.

मला वेंगुर्ला-शिरोडा हवंय, निवांत. ह्यांना गोकर्ण-मुरुडेश्वर. आणि परवा जेवताना ह्यांनी गोकर्णाचं नाव काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मग मी पण येते, तिथल्या महाबळेश्वराचं दर्शन राहिलंय." ह्यांनी मान डोलावली. मी भाकरी मोडत बसले.

गाडी जुनी आहे, छोटी. कुठल्या घाटाने जावं, कुठे राहावं, अडीच दिवसांत काय होईल, सगळं सांगा. आणि सासूबाईंचं काय करू तेही.

घाटमाथा
वेंगुर्ला. विषय संपला.

हिंडलग्यावरून वेंगुर्ला रोडने सरळ शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. साधारण सव्वाशे किलोमीटर. आमच्या चंदगड भागातून जाताय, काय अडलं तर हाक मारा. फेब्रुवारीत आंबोलीचा धबधबा म्हणजे नुसता ओला कातळ, त्याच्यासाठी थांबू नका. हिरण्यकेशीच्या उगमाला मात्र जरूर जावा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेकवर उभं राहू नका. आणि माकडांना काही देऊ नका. माझ्या मेहुण्याने केळं दिलं तर माकडाने चष्मा पण नेला.

चोर्ल्याचा_भक्त
घाटमाथा यांचा आदर राखून असहमत. समुद्र बघायचाय तर चोर्ला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, खाली केरी, साखळी. कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम, दोन्ही रस्त्यातच. पणजी ११० किलोमीटरच्या आसपास. सकाळी सातला निघा, दहा-साडेदहाला मांडवीवर. वर पेट्रोल गोव्यात स्वस्त, टाकी तिकडेच भरा.

घाटमाथा
सातला निघून साडेदहाला? तो रस्ता चांगला होता तेव्हाची गोष्ट सांगताय. आणि त्यांना जायचंय शिरोड्याला. साखळी, डिचोली, म्हापसा, पेडणे असा फेरा घालून कशाला? पेट्रोलचे वाचलेले पैसे टायरवाल्याला द्यायला?

चोर्ल्याचा_भक्त
रस्त्याचं खरं आहे. मागच्या पावसाळ्यात माझी पण रिम वाकली. तरी चोर्ला तो चोर्ला.

कुंदाप्रेमी
भक्त आहेत म्हटल्यावर काय बोलणार 😄 पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आपलं ते, आलेपाक.

वडाप_सम्राट
तिलारी घाटाचं नाव कुणी काढलं नाही ते बरं. गुगलबाईने मला चंदगडहून तिकडे वळवलं होतं, 'जवळचा रस्ता' म्हणून. उतरताना काही नाही, येताना कळतं. चढ असा उभा की पहिल्या गिअरवर पण गाडी देवाचं नाव घेते. दुसऱ्या वळणावर क्लचचा जळका वास आला आणि बायको खाली उतरून चालू लागली. म्हणाली, मी वर जाऊन थांबते. आणि खरंच आमच्या आधी पोचली. जुन्या गाडीने त्या वाटेला जाऊ नका.

संतिबस्तवाडची_माई
लग्नाचे वाढदिवस गाडी घेऊन साजरे करायचं हे नवीनच. आमच्या वेळी ह्यांना तारीखसुद्धा आठवायची नाही. कपिलेश्वराला जाऊन यायचं, घरी शेवयाची खीर, झालं. असो, तुमची मर्जी.

दुसरी गोष्ट. लग्नाला २० वर्षं म्हणजे मूल १७-१८ वर्षांचं असणार. म्हणजे पीयूसी, आपली अकरावी-बारावी. मार्चच्या पहिल्या तारखेच्या आसपास परीक्षा सुरू होतात आणि आईबाप २२ ला समुद्रावर? बघा बाई.

शहापूरकरीण
माई, बरोबर ओळखलंत, सेकंड पीयूसीच आहे. पण तो स्वतःच म्हणाला, "तुम्ही जावा की, दोन दिवस घरात शांतता तरी मिळेल."

कुंदाप्रेमी
पोरगं हुशार आहे, पास होणार.

खानापूरची_सून
मी अंकोल्याची, लग्न होऊन खानापूरला आले. गोकर्णाला कुणी वाईट बोललं की मला राहवत नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या ह्यांचं चुकीचं नाही. हुबळी, येल्लापूर, अरबैल घाट, अंकोला असा रस्ता मोठा आणि मोकळा आहे, नवख्या ड्रायव्हरलाही जमतो. पुढे गोकर्णला देवळाजवळच समुद्र, तिथून कुडले, ओम बीच. कुमट्याच्या अलीकडे मिरजान किल्ला आहे, शेवाळलेल्या जांभ्याच्या भिंती, आत शुकशुकाट. जोडप्याने जायला त्याच्यासारखी जागा नाही. होन्नावरला शरावती ओलांडताना गाडी हळू घ्यायची आणि काचा खाली करायच्या. मुरुडेश्वरला १२३ फुटी शंकर आणि २० मजली गोपुर, लिफ्टने वर जाता येतं.

पण ह्या खेपेला मीच म्हणते, जाऊ नका. एक तर अंतर. नुसत्या गोकर्णालाच सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, मुरुडेश्वर आणखी पुढे. अडीच दिवसांतला दीड दिवस गाडीतच जाईल. दुसरं म्हणजे तुम्ही परत याल त्याच आठवड्यात, बुधवारी, महाशिवरात्र आहे. गोकर्णला रथ असतो, गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि गर्दी आधीच सुरू होते. सासूबाईंना दर्शन हवंय ना? त्यांना नोव्हेंबरात नीट घेऊन जावा, माझ्या माहेरी उतरा.

निपाणीकर
धागा उत्तम चाललाय. आम्ही निपाणीवाले गडहिंग्लज, आजरा करून आंबोलीला येतो. म्हणजे कुठून का या, आंबोलीलाच भेटायचं. घाटमाथा यांना माझं एक मत.

गोव्यातून कारवारला जाणाऱ्यांसाठी: काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पडला, रात्री ट्रक नदीत गेला, ड्रायव्हर वाचला. तेव्हापासून मी कुठल्याही पुलावर गाडी घातली की बायको हनुमान चालिसा म्हणते.

कॅम्पातला_म्हातारा
तुम्ही सगळे 'वेंगुर्ला रोड, वेंगुर्ला रोड' म्हणता, पण तो का झाला हे कुणी सांगितलं नाही. बेळगावच्या छावणीला लागणारं सामान त्या काळी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचं आणि बैलगाड्यांनी घाट चढून इकडे यायचं. आंबोली हे त्या वाटेवरचं मुक्कामाचं ठिकाण म्हणून वाढलं. इंग्रजांच्याही आधी १७ व्या शतकात डचांची वखार होती वेंगुर्ल्यात, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. म्हणजे बेळगावचा समुद्र कोणता म्हणाल तर तो वेंगुर्ल्याचा. गोवा तेव्हा परदेश होता.

शिरोड्याची मिठागरं बघा. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. आणि सवड असली तर तेरेखोलचा किल्ला. गंमत बघा, नदीच्या उत्तरेला, तिन्ही बाजूंनी महाराष्ट्र आणि पाणी, पण किल्ला गोव्याचा. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला होता. सीमेची भानगड फक्त आपल्याच नशिबी आहे असं समजू नये.

येळ्ळूरचा_वाघ
सीमेचं नाव निघालंच आहे तर बोलतो. त्या वेळी जर...

संपादक
वाघसाहेब, त्यासाठी वेगळे १४ धागे आहेत. इथे लग्नाचा वाढदिवस आहे.

येळ्ळूरचा_वाघ
बरं. वाढदिवसाच्या शुभेच्छा. केए-२२, म्हणजे बेळगावची पाटी घेऊन जाताय, गाडीचे सगळे कागद सोबत ठेवा, प्रदूषणाचं सर्टिफिकेट पण. तीन राज्यांच्या कोपऱ्यात राहतो आपण, कोण कुठे हात दाखवेल सांगता येत नाही.

रेतीतला_खेकडा
तेरेखोलला गेलात आणि पलीकडे केरीला (चोर्ल्याखालची नव्हे, ही किनाऱ्यावरची) फेरीबोटीने जायचं मनात आलं तर भरती-ओहोटी विचारून घ्या. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. ओहोटी इतकी की फेरी थांबलेली. पाणी चढेपर्यंत दीड तास धक्क्यावर. बायकोने त्या दीड तासात माझ्या गेल्या आठ वर्षांतल्या सगळ्या चुका सांगितल्या, क्रमवार. लग्नाच्या वाढदिवसाला ही रिस्क घेऊ नका.

वडाप_सम्राट
@खेकडा, आठच वर्षं होती म्हणून दीड तासात भागलं. ह्यांची २० आहेत.

काजूबाग
थोडं अवांतर. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. खानापूर-चंदगडकडच्या कितीतरी बागांत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ह्या काजूच्या जाती दिसतील, त्या तिथल्याच. तुमची जागा असली तर कलमांची चौकशी करून या, नेहमीच्या रोपवाल्याकडे काय गळ्यात पडेल ते सांगता येत नाही. माझ्या ३० झाडांतली ११ कोणत्या जातीची आहेत ते मला अजून कळलेलं नाही. बोंडं मात्र छान लागतात.

कुंदाप्रेमी
वाढदिवसाला काजूची कलमं. किती रोमँटिक.

काजूबाग
गुलाब चार दिवसांत सुकतो साहेब.

खानापूरची_सून
खाण्याचं कुणी बोललंच नाही! शहापूरकरीण, तुम्ही मासे खाता ना? वेंगुर्ल्याकडे घरगुती राहायची सोय बघा, मोठं हॉटेल नको. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की बांगडा, तिसऱ्या (शिंपले), सोलकढी, उकड्या तांदळाचा भात, सगळं चुलीजवळून गरम पानात येतं. सकाळी घावणे. जाताना इथून कुंदा, आपली बेळगावची मिठाई, न्या, यजमानीण खूश होते आणि मग दुसऱ्या दिवशी तुकडा मोठा पडतो.

शहापूरकरीण
मी खाते. हे पण खातात, पण शनिवारी मारुतीचा आणि सोमवारी शंकराचा वार. म्हणजे अडीच दिवसांत माशाला फक्त रविवार.

घाटमाथा
मग रविवारी तीन वेळा खावा.

संतिबस्तवाडची_माई
मी मघाशी जरा जास्त बोलले. एक सुचवते. सासूबाईंना सांगा, नातवाची परीक्षा तोंडावर आहे, त्याला वेळेवर गरम जेवण कोण देणार? आम्हाला तुमच्याशिवाय कुणाचा भरवसा नाही. आजी घर सोडायची नाही. मी पण आजीच आहे, म्हणून सांगते.

शहापूरकरीण
माई!!! 🙏🙏

निपाणीकर
माईंनी सामना फिरवला.

शहापूरकरीण
(दहा दिवसांनी) आलो परत. सगळ्यांचं ऐकलं, थोडं थोडं. लांबलचक लिहितेय.

माईंची युक्ती लागू पडली. सासूबाई नुसत्या राहिल्या नाहीत, तर "दोन दिवस कशाला, आणखी एक दिवस राहा" असं म्हणाल्या. शनिवारी सकाळी साडेसहाला आंबोलीच्या रस्त्याने निघालो. हिरण्यकेशीला पाय बुडवले, पाणी बर्फासारखं. घाट दुसऱ्या गिअरवर. सावंतवाडीत मोती तलावाच्या कट्ट्यावर चहा, चितारआळीतून लाकडी फळांची परडी घेतली. शिरोड्याला एका घरात खोली मिळाली, १८०० रुपये दिवसाला, अंगणात माड आणि पोफळी. कुंदा दिला. खानापूरच्या वहिनी, तुकडा खरंच मोठा पडला.

मिठागरांचं सांगते. हे फारसं बोलत नाहीत, ते घरी पण असंच. संध्याकाळी आम्ही बांधावर उभे होतो. खाली पाण्याचे चौकोन, काही राखाडी, काही गुलाबीसर, मधून मातीच्या बारीक रेघा. एक माणूस लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत होता, सर्र, सर्र असा आवाज. हे दहा मिनिटं बघत राहिले. मला वाटलं आता काही तरी बोलतील, २० वर्षं झाली वगैरे. म्हणाले, "काठ राखाडी, अंग पांढरं, आणि चौकडा बारीक. ह्याच्यावर साडी निघते बघ." मग फोनवर २२ फोटो काढले. मिठागराचे. त्यातल्या एकात माझी पर्स आहे.

रविवारी आरवलीला वेतोबा. तिथे नवसाच्या चामड्याच्या चपला वाहतात, हातभर लांबीच्या, आणि केळ्यांचे घड. रात्री देव गावात फिरतो म्हणून चपला झिजतात, असं पुजारी म्हणाले. पुढे रेडीचा गणपती, १९७६ साली खाणीत सापडलेला, दोन हातांचा, चांगलाच मोठा. (सासूबाईंना फोटो पाठवले. उत्तर आलं : "म्हणजे देवदर्शन चाललंयच की.") तेरेखोलच्या किल्ल्यावरून समुद्र बघितला, फेरीचं नाव काढलं नाही. खेकडाभाऊ, आभार. घाटमाथा यांच्या सल्ल्याप्रमाणे मासे तीनदा.

आता सोमवार, २४ तारीख. मी खास शहापुरी साडी नेसले होते, ह्यांच्याच मागावरची. निघायच्या आधी सकाळी किनाऱ्यावर जाऊ म्हणाले. मी म्हटलं गाडी रस्त्यावर ठेवा. "रेती घट्ट आहे, बघ की." शंभर पावलं गेलो आणि पुढचं चाक रुतलं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, चाक अजून खाली. मी उतरून ढकलू लागले. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, तोंडात रेती, आणि हे आतून ओरडतात, "जोर लाव!" लग्नाचा विसावा वाढदिवस.

थोड्या अंतरावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. त्यातले पाच-सहा जण आले. एक म्हातारे काका गाडीकडे बघून म्हणाले, "गाडी हय कित्याक हाडलात? ही काय डांबराची वाट आसा?" ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी टायरातली हवा थोडी सोडायला लावली, चाकाखाली माडाच्या झावळ्या घातल्या, मागे दोरखंड बांधला, आणि एका हाकेत गाडी बाहेर. हे पैसे द्यायला लागले तर काका म्हणाले, "पैसे नको, दोरी ओढूक या." मग आम्ही दोघं रापणीच्या दोरीला लागलो. अर्धा तास. पाय रेतीत रोवायचा, कंबर मागे टाकायची, सगळ्यांबरोबर एक पाऊल मागे. ह्यांच्या हाताला घट्टे आहेत, त्यांना काही वाटलं नाही. माझे तळवे सोलले. दोरीवर ते माझ्या पुढे होते आणि दर चार पावलांनी मागे वळून बघत होते. मी मोजलं.

जाळं आलं तेव्हा काकांनी आमचा वाटा म्हणून बांगडे आणि थोड्या तारल्या पिशवीत घातल्या. सोमवारी!

रेतीतला_खेकडा
किनाऱ्यावर गाडी नेऊ नये, हे आधी सांगायला हवं होतं मी. कासवं अंडी घालतात फेब्रुवारीत, गाड्यांनी घरटी चिरडतात. रागावलो नाही, पण पुन्हा नको.

शहापूरकरीण
खरं आहे, कान पकडते. ह्यांचेही पकडले.

चोर्ल्याचा_भक्त
मग ते बांगडे कुणी खाल्ले?

शहापूरकरीण
बर्फात घालून डिकीत टाकले आणि घाट चढलो. घरी पोचलो तर सासूबाईंनी पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. रात्री शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये. मंगळवारी दुपारी सासूबाईंनीच तळले, पहिला तुकडा नातवाला, डोकं चालतं म्हणून.

घाटमाथा
सगळं झकास. पण बर्फ वितळला असणार आंबोलीपर्यंत. डिकीत वास?

शहापूरकरीण
गेला नाही. लिंबू, खायचा सोडा, कॉफीची पूड, सगळं झालं. काल सासूबाईंना दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर नाकाला पदर लावून बसल्या आणि म्हणाल्या, "गोकर्णला जाताना भाड्याची गाडी सांगा."